छायाचित्रण विद्रावांतील मापनदोष व त्यांचे निराकरण

छायाचित्रणातील सुप्त प्रतिमा दृश्य करणारा विकासक आणि ती टिकाऊ करणारा स्थिरक हे विद्राव दीर्घकाळ छायाचित्रकारालाच काळोख्या खोलीत तयार करावे लागत. एखादा घटक चुकीच्या मापाने पडला, तर पुन्हा घेता न येणारे छायाचित्र कायमचे वाया जाण्याचा धोका असे. म्हणून मापनदोष ओळखून दुरुस्त करणे हे या तंत्राचे आवश्यक अंग बनले.

रौप्य लवणे हायपोमध्ये (सोडियम थायोसल्फेटमध्ये) विरघळतात, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखविले व १८३९ मध्ये त्याचा उपयोग स्थिरीकरणासाठी केला. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच विकसन होई व ते डोळ्यांनी पाहून थांबविता येई. त्यामुळे मापातील लहान फरक सांभाळून घेता येत. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी सुचविलेल्या जिलेटिनी कोरड्या काचेपासून कारखान्यात बनविलेल्या काचांचा प्रसार झाला. फर्डिनांड हर्टर व व्हेरो ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये प्रकाशन व प्रतिमेची घनता यांचा संबंध आलेखाने मांडला. ठराविक काळ व ठराविक तापमानाला विकसन करण्याच्या पद्धतीत विकासकाचे संघटन स्थिर असणे अनिवार्य ठरले.

मापनदोषांचे एक मोठे कारण एककांतील गोंधळ हे होते. व्यापारी औंस ४३७.५ ग्रेनचा, तर औषधविक्रेत्यांचा औंस ४८० ग्रेनचा असे. ब्रिटिश पिंट २० द्रव औंसांचा (सु. ५६८ मिलि.), तर अमेरिकी पिंट १६ औंसांचा (सु. ४७३ मिलि.) आहे. त्यामुळे ब्रिटिश कृती अमेरिकी पिंटाने केल्यास विद्राव सु. एकपंचमांश तीव्र होतो. दुसरे कारण स्फटिकजल होय. २५२ ग्रॅ. स्फटिकरूप सोडियम सल्फाइटात निर्जल सल्फाइट केवळ १२६ ग्रॅ. असते. तसेच १०६ ग्रॅ. निर्जल सोडियम कार्बोनेटाऐवजी एकजल रूप १२४ ग्रॅ. व दशजल स्फटिक २८६ ग्रॅ. घ्यावे लागतात.

निराकरणाचे तत्त्व असे, की विद्रावाचे गुणधर्म घटकांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असतात. विरघळलेला घटक बाहेर काढता येत नाही. म्हणून जो घटक जास्त पडला त्याला आधार मानून बाकीचे सर्व त्याच पटीने वाढवितात. उदा., ईस्टमन कोडॅक कंपनीच्या डी-७६ या विकासकात १ लि. विद्रावासाठी मेटॉल २ ग्रॅ., निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅ., हायड्रोक्विनोन ५ ग्रॅ. व टाकणखार (बोरॅक्स) २ ग्रॅ. लागतो. मेटॉल २.५ ग्रॅ. पडल्यास सर्व घटक सव्वापट करून सल्फाइट १२५ ग्रॅ., हायड्रोक्विनोन ६.२५ ग्रॅ., टाकणखार २.५ ग्रॅ. व अंतिम घनफळ १,२५० मिलि. करावे. पाणी २०० मिलि. जास्त झाल्यास प्रत्येक घटकाचा पाचवा भाग अधिक घालावा. निर्जलाऐवजी १०० ग्रॅ. स्फटिकरूप सल्फाइट पडले असल्यास, घनफळ पूर्ण करण्यापूर्वी आणखी ५० ग्रॅ. निर्जल सल्फाइट घातले की उणीव भरून निघते.

या उपायाला मर्यादा आहेत. किती जास्त पडले हे माहीत नसल्यास अंदाजाने दुरुस्ती करणे व्यर्थ असते. हवेने काळवंडलेला किंवा हायपोने दूषित झालेला विकासक प्रमाण बदलून सुधारत नाही. तो टाकूनच द्यावा लागतो. दुरुस्त विद्राव प्रथम चाचणीच्या फिल्मतुकड्यावर तपासणे इष्ट होय.

भारतात छायाचित्रणाचा प्रसार लवकर झाला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. ब्रिटिश कृती औंस-ग्रेनांत, तर बाजारातील तोळा १८० ग्रेनचा, असा व्यवहार होता. १९५६ च्या वजन-माप कायद्यानुसार १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली. ग्रॅम व लिटर यांमुळे मापनदोष नाहीसे झाले नाहीत. मात्र ते शोधणे व त्यांचे गणित करणे सुकर झाले. अंकीय छायाचित्रणाच्या प्रसारानंतरही फिल्म वापरणारे छायाचित्रकार हेच प्रमाणगणित वापरतात.