दानाची सनद

बेंगळूरच्या जुन्या किल्ल्याला लागून पश्चिमेकडे जी वस्ती १८९२ मध्ये आखली गेली, तिला म्हैसूरचे तत्कालीन महाराज चामराजेंद्र वडेयर ह्यांच्या नावावरून चामराजपेट असे नाव मिळाले. शेजारीच व्हिक्टोरिया राणीच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले, आणि लॉर्ड मिंटो ह्यांच्या नावाचे नेत्ररुग्णालयही. राजे, राण्या आणि व्हाइसरॉय ह्यांची नावे देण्याचा तो काळ होता. परंतु तेथून थोडे दक्षिणेकडे, बसवनगुडीच्या बाजूला गेले म्हणजे एक निराळेच नाव कानी पडते : टाटा सिल्क फार्म. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी येथे जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने रेशीम-उत्पादनाचा प्रयोग आरंभिला. पुढे तो उपक्रम साल्व्हेशन आर्मीकडे गेला आणि काळाच्या ओघात बंद पडला. नाव मात्र वस्तीला चिकटून राहिले.

ह्याच शहराच्या उत्तरेस टाटांच्याच देणगीतून उभी राहिलेली एक संस्था आहे. भारतीय विज्ञान संस्था हे तिचे नाव. त्या नावात ‘टाटा’ हा शब्द कोठेही नाही. तरी बेंगळूरचा सामान्य माणूस पिढ्यान्‌पिढ्या तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ असेच म्हणत आला. मोठ्या उद्योगांचे दान हे औदार्य की जाहिरात, असा प्रश्न आज वारंवार विचारला जातो. त्याचा उलगडा करावयास ह्या दोन नावांपासून आरंभ करणे सोयीचे आहे.

दानाबरोबर नाव यावे ही गोष्ट नवी नव्हे. आपल्याकडे गुप्तदानाची महती फार. ह्या हाताचे त्या हाताला कळू नये असे आपण म्हणतो. पण लेण्यांच्या भिंती वेगळेच सांगतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने आपल्या दानाचा लेख कोरविला आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी असे विद्वान मानतात. आपण पूर्ण करविलेले हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असे हा व्यापारी बेधडक सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीची ही जाहिरातच म्हणावी लागेल! तरीही त्या शेठजींच्या अहंकारासाठी कार्ल्याचे सौंदर्य नाकारावे असे कोणी म्हणणार नाही.

नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख ह्याहून अधिक बोलका आहे. क्षत्रप नहपानाच्या ह्या जावयाने भिक्षूंच्या निर्वाहासाठी ३००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेविली. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा १ आणि १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम परत घ्यावयाची नव्हती. केवळ व्याज वापरावयाचे होते. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदविला गेला. येथे नाव आहे, पण नावापेक्षा महत्त्वाची आहे ती अट. उद्या दात्याचे मन बदलले, तरी त्या लेखामुळे दान टिकावे अशी ती व्यवस्था आहे. शिलाहारांच्या काळातील दानलेखांवर गद्धेगाळीची शिवी कोरीत, तीही ह्याच भयाने. कोरीव लेख हा दात्याचा डंका असतो, तसाच तो दात्यावर आणि त्याच्या वारसांवर घातलेला लगामही असतो.

आता पुन्हा बेंगळूरकडे वळू. वर्षाला सुमारे सव्वा लाख रुपये उत्पन्न देणाऱ्या मुंबईतील आपल्या मिळकती उच्च विज्ञानशिक्षणासाठी देण्याची तयारी जमशेटजींनी दाखविली. ३१ डिसेंबर १८९८ रोजी, नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मुंबईत उतरताच, ही योजना त्यांच्यापुढे मांडण्यात आली. कर्झनसाहेब साशंक होते. विद्यार्थी मिळतील काय, शिकून बाहेर पडलेल्यांना कामे मिळतील काय, असे त्यांचे प्रश्न होते. शिवाय मूळ योजनेत ह्या दानाची सांगड टाटा कुटुंबाच्या मालमत्तेच्या व्यवस्थेशी घातलेली होती, आणि तिला सरकारने कायद्याचे पाठबळ द्यावे अशी अपेक्षा होती. ह्या दानाआडून कुटुंबाचे हित साधावयाचे आहे काय, ही शंका त्या काळीही निघाली. जमशेटजींनी अखेर ती सांगड सोडून दिली. संस्था पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुत्रांनी वडिलांचा शब्द पाळला, म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली, २७ मे १९०९ रोजी संस्थेची कायदेशीर स्थापना झाली, आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले.

ह्या इतिहासात स्वार्थ मुळीच नव्हता असे म्हणता येणार नाही. ज्या गृहस्थाच्या मनात पोलादाचा कारखाना आणि विजेची निर्मिती घोळत होती, त्याला रसायनज्ञ व विद्युत्‌तज्ज्ञ हवेच होते. परंतु ते केवळ त्याच्याच कारखान्यापुरते तयार व्हावयाचे नव्हते; देशातील कोणत्याही प्रतिस्पर्ध्याला ते मिळू शकत होते. आणि मुख्य म्हणजे, दिलेली मिळकत जमशेटजींची स्वतःची होती.

येथेच कंपनीच्या दानाचा खरा पेच सुरू होतो. कंपनीचा पैसा संचालकांचा नसतो, भागधारकांचा असतो. दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होय. १८८३ साली वेस्ट कॉर्क रेल्वेच्या खटल्यात न्यायमूर्ती बोवेन ह्यांनी ही गोष्ट स्पष्ट केली : संचालकांच्या बैठकीत दानधर्माला दान म्हणून आसन नाही, कंपनीच्या हिताचा असेल तेवढाच उदारपणा तिने करावा. ह्याचा अर्थ मोठा गमतीचा आहे. लोक ज्याला जाहिरात म्हणून नाक मुरडतात, तेच कायद्याच्या दृष्टीने कंपनीच्या दानाचे समर्थन होते! निरपेक्ष दान हाच तेथे अपराध ठरला असता.

भारताच्या १९५६ च्या कंपनी कायद्याने धंद्याशी थेट संबंध नसलेल्या देणग्यांना मर्यादा घातली. २५,००० रुपये किंवा सरासरी नफ्याच्या शेकडा ५, ह्यांतील मोठ्या रकमेपलीकडे जावयाचे तर भागधारकांच्या सभेची संमती आवश्यक ठरली. पुढल्याच वर्षी टाटा पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून तिच्या घटनापत्रकातील दुरुस्तीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. मुख्य न्यायमूर्ती छागला ह्यांनी दुरुस्तीला मान्यता दिली. परंतु धनाढ्य कंपन्यांच्या पैशाने लोकशाहीचा गळा आवळला जाण्याचा धोकाही निक्षून सांगितला. देणगी कोणाला, हा प्रश्न देणगी किती, ह्याहून मोठा असतो, हे त्या निकालाने शिकविले.

२०१३ च्या कायद्याने चित्र पालटले. ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, ह्यांपैकी एक जरी असेल, तरी त्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या शेकडा २ रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असा दंडक १ एप्रिल २०१४ पासून आला. जे सक्तीचे आहे त्याला औदार्य म्हणता येत नाही. तो एक प्रकारचा कर आहे, फक्त कोणत्या कामावर खर्चावयाचा हे करदाता ठरवितो. २०२१ च्या नियमांनी आणखी एक रेषा आखली : मालाचा खप वाढावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व ह्या खर्चात धरले जात नाही. चामराजपेटेत १९३९ पासून रामनवमीचा संगीतोत्सव चालत आला आहे. अशा एखाद्या उत्सवाला कोणी पैसे देऊन मंडपावर आपल्या साबणाचा फलक लावला, तर त्यात पाप नाही. पण तो जाहिरातखर्च होय, समाजकार्य नव्हे.

दात्याच्या मनात काय होते हे इतिहासकाराला वाचता येत नाही. दानाची सनद मात्र वाचता येते. पैसा कोणाचा? दिल्यानंतर ताबा कोणाकडे? आणि दात्याला तो परत घेता येईल काय? ह्या तीन प्रश्नांवर भूतपालाचा गर्व, उषवदाताची ठेव आणि जमशेटजींची मिळकत, सारी एकाच तराजूत तोलता येतात. २०१९ मध्ये बेंगळूरचे अझीम प्रेमजी ह्यांनी विप्रोच्या आपल्या समभागांवरील लाभ कायमचा आपल्या प्रतिष्ठानाकडे सोपविला. तो त्यांचा स्वतःचा होता, कंपनीच्या तिजोरीतला नव्हे. त्याच प्रतिष्ठानाने २०२४ मध्ये कर्नाटकातील सरकारी व अनुदानित शाळांच्या मुलांना आठवड्याचे सहा दिवस अंडी मिळावीत म्हणून तीन वर्षांसाठी १,५०० कोटी रुपयांचा करार राज्य सरकारशी केला.

चामराजपेटेतील एखाद्या सरकारी शाळेत ते अंडे खाणारे मूल दात्याचा हेतू विचारीत नाही, आणि त्याने तो विचारूही नये. त्याच्या वतीने समाजाने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : तीन वर्षांनंतर काय? दाता बदलेल, सरकार बदलेल, नफा आटेल. त्या मुलाची भूक तशीच राहील. जे दान तिला लोकांच्या हक्कात रूपांतरित करून जाते, त्याला लोक आपण होऊन दात्याचे नाव देतात. विज्ञान संस्थेच्या बाबतीत बेंगळूरकरांनी नेमके तेच केले.