न जळलेला कागद : इंडक्शन रेंज आणि दुहेरी ओव्हन यांचा इतिहास

१९५० च्या दशकाच्या मध्यावर जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाने उत्तर अमेरिकेत एक फिरते प्रात्यक्षिक दाखवले. शेगडीवर वर्तमानपत्राचा कागद आणि त्यावर पाण्याचे भांडे. पाणी उकळे, कागद मात्र जसाच्या तसा राही. ती शेगडी बाजारात कधीच आली नाही.

आज अमेरिका-कॅनडात घर घेणारी अनेक मराठी कुटुंबे विचारतात : इंडक्शन रेंज घ्यावा का? घेतला तर एका ओव्हनचा की दोन? (रेंज म्हणजे वर शेगड्या व खाली ओव्हन असे एकसंध उपकरण, कुकटॉप म्हणजे नुसता वरचा भाग.) हा धागा त्या प्रश्नामागच्या इतिहासाचा आहे. तत्त्व फार लवकर हाती आले होते. अडले ते भांडे, वीज आणि किंमत यांपाशी. या तीन जागा आजही तपासाव्या लागतात.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडे यांना विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा पहिला पुरावा मिळाला. बदलते चुंबकीय क्षेत्र शेजारच्या वाहकात वीज निर्माण करते. १८५५ मध्ये लेऑं फूको यांनी दाखवले, की चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणारी तांब्याची चकती तापते, कारण तिच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात. इंडक्शन शेगडीचे सारे भौतिकशास्त्र एवढ्यातच आले. काचेखालची वेटोळी चुंबकीय क्षेत्र उभे करते आणि भांड्याचा तळ स्वतःच तापतो. ज्वाळा नाही, लालभडक तारही नाही.

मग शतकभर विलंब का झाला? घरात येणाऱ्या विजेचे आवर्तन सेकंदाला ५० किंवा ६० वेळा होते. या शेगडीला ते वीस हजारांहून अधिक वेळा व्हावे लागते. त्याहून कमी ठेवले तर भांड्याची शीळ माणसाच्या कानाला ऐकू येते. एवढा वेग घरगुती किमतीत देणारे इलेक्ट्रॉनिक घटक नव्हते. शेगडीच्या पृष्ठभागाचा प्रश्न एका अपघाताने सुटला. १९५३ मध्ये कॉर्निंग कंपनीचे डोनाल्ड स्टूकी काचेचा नमुना ६०० अंशांवर तापवू पाहत होते. भट्टी बिघडून ९०० पर्यंत गेली. बाहेर काढताना नमुना हातून पडला, पण फुटला नाही. काच आणि सिरॅमिक यांच्या मधला हा नवा पदार्थ होता. पुढच्या शेगड्यांची गुळगुळीत काच याच कुळातली.

खरा प्रयत्न वेस्टिंगहाऊसचा. पिट्सबर्गजवळच्या संशोधन केंद्रात घडवलेली एक शेगडी १९७१ मध्ये ह्यूस्टन येथे घरबांधणी व्यावसायिकांच्या अधिवेशनात मांडली गेली. मोटारींच्या इग्निशनसाठी विकसित झालेले ट्रान्झिस्टर तिच्यासाठी वापरले होते. १९७३ पासून ‘कूल टॉप २’ विक्रीस आली. तिला प्रत्येकी १६०० वॅटच्या चार शेगड्या होत्या आणि किंमत १५०० डॉलर. त्यात भांड्यांचा संचही समाविष्ट होता.

हा संच मला फार बोलका वाटतो. तळाला पोलादाचा थर असलेली ती भांडी भेट म्हणून नव्हती, गरज म्हणून होती. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे या शेगडीवर नीट तापत नाही. चूल बदलायची तर सारी मांडणी बदला, असे ग्राहकाला सांगावे लागणे हे वस्तूचे मोठे दुबळेपण होय. १९७५ मध्ये वेस्टिंगहाऊसने आपला घरगुती उपकरणांचा व्यवसाय व्हाइट कन्सॉलिडेटेडला विकला आणि उत्पादन थांबले.

इलेक्ट्रॉनिक घटकांची कोंडी १९८० च्या दशकाच्या आरंभी फुटली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये, चेन्नईत जन्मलेले अभियंते बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी हा स्विच विकसित केला. मोठा प्रवाह अतिवेगाने चालू-बंद करणारा हा घटक आजच्या इंडक्शन शेगडीचा प्राण आहे. आपल्याकडच्या ओट्यावरच्या दोन हजार वॅटच्या शेगडीतही तोच असतो.

आता दुहेरी ओव्हन. ही कल्पना विजेहून जुनी आहे. व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या मोठ्या लोखंडी चुलींत विस्तवाच्या एका बाजूस मांस भाजण्याचा कप्पा, तर दुसऱ्या बाजूस पाव-पेस्ट्रीचा कप्पा असे. १९२२ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी सिद्ध केलेल्या आगा चुलीतही दोन कप्पे होते, एक भाजण्याचा आणि एक मंद शिजवण्याचा. (डालेन हे नोबेलविजेते, आणि तेव्हा अपघाताने अंध झालेले होते.) कारण सरळ आहे : दोन पदार्थ, दोन तापमाने. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला टर्की १६५ अंशांच्या आसपास तासन्‌तास भाजत असते आणि पायला २२० हवे असते.

१९६० च्या ‘फ्रिजिडेअर फ्लेअर’मध्ये ओव्हन डोळ्यांच्या उंचीवर होते. चाळीस इंची मोठ्या नमुन्यात ते दोन, शेजारी-शेजारी. पुढे अमेरिकन स्वयंपाकघरात रेंजची रुंदी तीस इंचांवर स्थिरावली. म्हणून आजच्या दुहेरी रेंजमध्ये तीच पोकळी आडवी दुभागलेली असते : वर लहान, खाली मोठा. खालच्याचे तोंड जवळजवळ जमिनीशी येते आणि भांडी ठेवण्याचा खण जातो. जड भांडे वाकून उचलणे ज्यांना नको, त्यांनी वेगळा इंडक्शन कुकटॉप आणि भिंतीतले दोन ओव्हन हा पर्याय पाहावा. एक बिघडले तरी दुसरे चालू राहते. मात्र त्यासाठी सुतारकाम आणि वेगळी वायरिंग आली, म्हणजे खर्चही.

गॅसवरून येणाऱ्यांनी आधी विजेची चौकशी करावी. अमेरिकेत या रेंजला २४० व्होल्टची, बहुधा ४० ते ५० अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते. जुन्या घरात इलेक्ट्रिशियनचे बिल रेंजच्या किमतीला जड जाऊ शकते. आणि ओव्हन हा कढया-परातींचा खण म्हणूनच वापरला जात असेल, तर दुसऱ्याचे पैसे वाचवावेत!

भांड्यांची परीक्षा लोहचुंबकाने होते. तळाला घट्ट चिकटला तर भांडे चालेल. पितळी पातेली, तांब्याचे तपेले, जर्मनचे टोप बाद. फुलका ज्वाळेवर फुगवण्याची सोय जाते, पण आजीचा बिडाचा तवा, तळ सपाट असेल तर, या काचेवर उत्तम तापतो. फक्त तो तिच्यावरून घासत न नेता उचलून ठेवावा.