अपस्माराची औषधे आणि मद्यपान

मेंदूतील चेतापेशींच्या एखाद्या समूहातून किंवा संपूर्ण मेंदूतून अकस्मात व एकाच वेळी अतिरिक्त विद्युत् आवेग उमटून पुनःपुन्हा झटके येण्याची जी प्रवृत्ती, तिला अपस्मार म्हणतात. मराठवाड्यात हा विकार मिरगी, फेफरे, आकडी अशा नावांनी ओळखला जातो आणि दवाखान्यात बहुधा ‘फीट येते’ एवढेच सांगितले जाते. जगातील सुमारे ५ कोटी माणसांना तो आहे आणि नियमित औषधांनी त्यांच्यापैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रतिपादन आहे. हे उपचार वर्षानुवर्षे, रोज ठरलेल्या वेळी घ्यावे लागतात. त्यामुळे त्या काळात मद्य घेतले तर काय होते, हा प्रश्न बहुतेक प्रौढ रुग्णांच्या बाबतीत कधी ना कधी उद्भवतोच. त्याचे उत्तर ‘दारू आणि गोळी एकत्र चालत नाही’ एवढ्या वाक्यात दिले जाते. ते वाक्य खोटे नाही, परंतु त्यातून रुग्ण जो अर्थ काढतो तो पुष्कळदा सांगणाऱ्याच्या हेतूच्या उलट असतो, आणि प्रत्यक्ष हानीचा मोठा भाग तेथूनच सुरू होतो.

भारतीय वैद्यकात हे दोन्ही विषय जुने आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्मारासाठी दहावा आणि मद्याच्या अतिरेकाने होणाऱ्या मदात्यय या विकारासाठी चोविसावा असे स्वतंत्र अध्याय आहेत. आधुनिक अर्थाने अपस्मारावरील औषधोपचार मात्र विसाव्या शतकातला आहे. झोपेचे औषध म्हणून वापरात आलेले फेनोबार्बिटोन झटकेही थांबवते, हे १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांच्या लक्षात आले. १९३८ साली अमेरिकेत मेरिट व पुटनम यांनी फेनिटोइनचा उपयोग दाखवून दिला. गुंगी न आणताही झटके थांबवता येतात, हे त्यातून स्पष्ट झाले. कार्बामॅझेपीन, सोडियम व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, लेवेटिरासिटाम ही त्यानंतरची औषधे होत. बीड जिल्ह्यातील वडवणी, माजलगाव, धारूर यांसारख्या गावांतील औषधांच्या दुकानांत ही औषधे मूळ नावापेक्षा गार्डेनाल, एप्टॉइन, टेग्रेटॉल, एन्कोरेट, लेव्हिपिल अशा व्यापारी नावांनीच मागितली जातात.

मेंदूत चेतापेशींना शांत ठेवणारी आणि उद्दीपित करणारी अशी दोन प्रकारची रासायनिक द्रव्ये परस्परांना तोलून धरत असतात. पहिल्या प्रकारात गॅबा आणि दुसऱ्यात ग्लुटामेट हे द्रव्य प्रमुख आहे. मद्यातील मद्यार्क गॅबाचा परिणाम वाढवतो आणि ग्लुटामेटचा दडपतो. म्हणून अंमल चढलेला असताना मेंदू एकंदरीत मंदावतो आणि त्या वेळी झटका येण्याचा संभव तात्पुरता कमीच होतो. ‘प्याल्यावर फीट येत नाही, उलट बरं वाटतं’ हा काही रुग्णांचा अनुभव त्यामुळे अगदीच निराधार नसतो. अडचण पुढे येते. रोज मद्य मिळणारा मेंदू या दडपणाशी जुळवून घेण्यासाठी गॅबाला प्रतिसाद देणारी ग्राहके मंद करतो व ग्लुटामेटची वाढवतो. मग मद्य एकाएकी तुटले की दडपण जाते आणि वाढलेले उद्दीपन तेवढे उरते. यातून येणाऱ्या झटक्यांना मद्यवर्जनजन्य झटके म्हणतात. व्हिक्टर व ब्रॉश यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशांपैकी ९० टक्क्यांहून अधिक झटके शेवटच्या पेल्यानंतर ७ ते ४८ तासांत आल्याचे आढळले. म्हणजे शनिवारी रात्री घेतलेल्या मद्याचा हिशेब रविवारी दुपारी किंवा सोमवारी पहाटे चुकता होतो. एवढ्या अंतरामुळे रुग्णाला आणि घरच्यांना त्या दोन घटनांचा संबंध लक्षात येत नाही; दोष उन्हाला, उपासाला किंवा बाहेरच्या बाधेला दिला जातो.

किती मद्याने किती धोका, याबाबत वैद्यकातही एकेकाळी अंदाजच अधिक होते. नेदरलँड्समधील होपनर व सहकाऱ्यांनी १९८३ साली केलेल्या तुलनात्मक प्रयोगात, आठवड्यातून दोनदा एक ते तीन पेले, म्हणजे साधारण १० ते ३० ग्रॅम मद्यार्क घेणाऱ्या अपस्मार रुग्णांचे झटके वाढले नाहीत व त्यांच्या औषधांच्या रक्तातील पातळीतही लक्षणीय फरक पडला नाही. बर्लिनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मागील वर्षभरात मद्य घेतलेल्या २०४ रुग्णांपैकी सुमारे १८ टक्क्यांना मद्याशी निगडित झटके आल्याचे आढळले. असे झटके बहुधा सात किंवा अधिक प्रमाणित पेल्यांनंतर आणि पिणे थांबल्यापासून १२ तासांच्या आत आले होते. या दोन निष्कर्षांवरून ‘थोडी चालते’ असा निकाल काढण्यापूर्वी येथील मापे पाहणे आवश्यक आहे. आकारमानाने ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘क्वार्टर’ म्हणतात त्यात, सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. युरोपातील प्रयोगात निरुपद्रवी ठरलेली कमाल मात्रा अर्ध्या क्वार्टरमध्येच संपते, आणि बर्लिनच्या पाहणीतील धोक्याची पातळी एका क्वार्टरच्या थोडी पुढेच आहे. हातभट्टीच्या दारूला तर मापच लावता येत नाही, कारण तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण दर खेपेला बदलते आणि तिच्यात मिथेनॉलसारखे विषारी द्रव्य मिसळल्याची उदाहरणे, जून २०१५ मधील मुंबईच्या मालवणी येथील शंभराहून अधिक मृत्यूंसह, नोंदलेली आहेत.

सर्वच औषधांचा मद्याशी सारखा संबंध नसतो. फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम व क्लोनाझेपाम ही औषधे मद्यार्काप्रमाणेच गॅबामार्फत काम करतात. त्यामुळे दोहोंची बेरीज होऊन गाढ गुंगी येते, मोठ्या मात्रेत श्वसन मंदावते आणि उताणे झोपलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतो. फेनिटोइनचे वर्तन अधिक चमत्कारिक आहे. एकाच बैठकीत बरेच मद्य घेतले तर यकृत मद्यार्कात गुंतल्याने फेनिटोइनचा निचरा मंदावून त्याची पातळी वाढू शकते, तर रोजच्या दीर्घकालीन मद्यपानाने यकृतातील एंझाइमे चेतवली जाऊन तेच औषध लवकर नष्ट होते व पूर्ण मात्रा घेऊनही ती अपुरी पडते. सोडियम व्हॅल्प्रोएट क्वचित यकृताला गंभीर इजा करते. म्हणून ज्याचे यकृत आधीच मद्याने सुजलेले आहे त्याच्यासाठी ते टाळण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. लेवेटिरासिटामचा निचरा मुख्यतः मूत्रपिंडातून होत असल्याने यकृताचा प्रश्न तेथे गौण ठरतो, मात्र गुंगीची बेरीज तेथेही होते. पेरॅम्पॅनेल या नव्या औषधाबरोबर मद्य घेतल्यास राग अनावर होण्याचा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच दिलेला असतो.

एवढे असूनही सर्वाधिक झटके या रासायनिक गुंतागुंतीतून येतात असे मानणे चुकीचे ठरेल. ‘दारू आणि गोळी एकत्र चालत नाही’ हे ऐकलेला माणूस ज्या दिवशी पिणार असतो त्या दिवशी गोळी वगळतो. त्याच्या दृष्टीने तो डॉक्टरांचे ऐकतच असतो. परंतु लेवेटिरासिटामचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ, प्रौढांत ६ ते ८ तासांचाच असल्याने रात्रीची एक मात्रा चुकली तरी पहाटेपर्यंत संरक्षण बरेच ओसरते, आणि नेमकी तीच वेळ मद्याचा अंमल उतरण्याची असते. फेनोबार्बिटोनचा अर्धायुकाल काही दिवसांचा असल्याने एखादी चुकलेली मात्रा लगेच जाणवत नाही. त्यामुळे ‘एक दिवस नाही घेतली तर काही होत नाही’ असा भ्रम निर्माण होतो, आणि औषध बदलल्यावरही तो कायम राहतो. म्हणून मद्य घेतले गेलेच तरी त्या दिवशीची गोळी वगळू नये आणि चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, असे सांगणे आवश्यक असते. याला अपवाद म्हणजे माणूस गाढ गुंगीत असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तेव्हा. अशा वेळी तोंडात काहीही न घालता त्याला रुग्णालयात न्यावे लागते.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला स्थलांतराची बाजू आहे. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पतिपत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी ही जोडी काम करते आणि एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. अपस्माराच्या रुग्णाला घातक ठरणाऱ्या बहुतेक गोष्टी या जीवनक्रमात एकवटतात: पहाटेच्या अंधारात तोड, रात्री-बेरात्री गाडी आली की भरणी, त्यामुळे तुटलेली झोप, वेळेवर न मिळणारे जेवण, अंगदुखीवर उतारा म्हणून घेतली जाणारी देशी, आणि महिनाभराच्या गोळ्या संपल्यावर खाड्याच्या भीतीने लांबणीवर पडणारा दवाखाना. झोपेचा अभाव हा स्वतःच झटक्याचे एक प्रबळ कारण आहे. किशोरवयात सुरू होणाऱ्या आणि सकाळी उठताच हातापायांना हिसके आणणाऱ्या अपस्मार प्रकारात तर जागरण व मद्य यांची जोडी विशेष वाईट ठरते. गावी एक डॉक्टर आणि फडावर दुसरा, यातून औषधाचा प्रकारही बदलतो. म्हणून जुनी चिठ्ठी व गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत नेणे आणि निघण्यापूर्वी हंगामाच्या मोठ्या भागाला पुरतील एवढ्या गोळ्या घेणे हा उपाय साधा असला तरी कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक उपयोगी आहे.

निदानाच्या बाबतीत मद्य दोन्ही दिशांनी फसवते. झटका ओसरल्यावर माणूस काही मिनिटे ते तासभर गोंधळलेला, बरळणारा व अडखळत चालणारा असतो. त्याला ‘पिऊन पडला आहे’ असे समजून रस्त्याकडेला तसेच सोडले जाते. फेनिटोइन किंवा कार्बामॅझेपीनची मात्रा जास्त झाली असताना थेंबभरही न प्यालेल्या माणसाची चाल झिंगल्यासारखी होते, डोळ्यांपुढे दोन-दोन प्रतिमा दिसतात आणि बोलणे जड होते. उलटपक्षी, खरोखर मद्य घेतलेल्या माणसाची बेशुद्धी डोक्यातील रक्तस्रावामुळे किंवा रक्तातील साखर उतरल्यामुळे असू शकते. ज्याला केवळ मद्य तुटल्यावर झटके येतात आणि एरवी कधीच येत नाहीत, त्याला रूढ अर्थाने अपस्मार नसतो व आयुष्यभराच्या गोळ्यांचीही गरज नसते. त्याच्या उपचाराचा रोख मद्यासक्तीकडे असावा लागतो. हा भेद न झाल्याने अनेक मद्यासक्त माणसे नाहक फेनिटोइन घेत राहतात. मद्यवर्जनजन्य झटके रोखण्यात ते फारसे परिणामकारक नाही, तर लोराझेपामचा उपयोग स्पष्ट आहे: अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा झटका येऊन गेलेल्यांना ते दिल्यावर दुसरा झटका ३ टक्के रुग्णांना आला, तर ते न दिलेल्या गटात हे प्रमाण २४ टक्के होते.

यावरूनच, रोज भरपूर पिणाऱ्या अपस्मार रुग्णाने घरच्या घरी एका दिवसात दारू सोडणे धोक्याचे का आहे हे स्पष्ट होते. मार्च २०२० मधील टाळेबंदीत मद्यविक्री एकाएकी बंद झाली, तेव्हा वर्जनाच्या गंभीर विकारांनी रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या वाढल्याचे बंगळुरूच्या रुग्णालयांतून नोंदले गेले. देवापुढे शपथ घेऊन किंवा माळ घालून दारू सोडण्याची परंपरा वारकरी मुलखात प्रभावी आहे आणि तिचे सामाजिक मोल निर्विवाद आहे. फक्त अशा माणसाचे पहिले चार-पाच दिवस वैद्यकीय देखरेखीखाली जावेत, त्याला थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व मिळावे आणि अपस्माराची औषधे चालूच राहावीत, एवढी जोड त्या परंपरेला हवी. वडवणी परिसरातून अशा रुग्णासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा १९७४ साली सुरू झालेले अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हे पर्याय आहेत. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण महाराष्ट्रभर परिचित आहे.

मद्यार्क बाटलीबाहेरही आढळतो. आयुर्वेदातील आसव व अरिष्ट ही औषधे आंबवण्याच्या क्रियेने तयार होत असल्याने त्यांत स्वाभाविकपणे काही प्रमाणात मद्यार्क असतो, आणि सारस्वतारिष्ट व अश्वगंधारिष्ट ही तर अपस्मारातही दिली जातात. चमचा-दोन चमच्यांतून मिळणारा मद्यार्क अल्प असला, तरी रुग्ण दोन पद्धतींची औषधे घेत असल्यास ते दोन्हीकडे सांगणे इष्ट असते.

झटका आलेल्या व्यक्तीने मद्य घेतले असो वा नसो, प्रथमोपचार एकच आहेत: तिला कोयता, चूल, विहीर यांपासून दूर करून कुशीवर वळवणे, मानेजवळचे कपडे सैल करणे, दातांत चमचा न घालणे, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ न घालवणे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा आला तर ती तातडीची अवस्था असते. मद्यवर्जनात ती अधिक संभवते.

रोग लपवण्याची गरज हेही या विषयाचे एक अंग आहे. लग्नाच्या वरातीत किंवा मित्रांच्या बैठकीत पेला नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागते आणि कारण दिले की आजार उघड होतो. तो उघड होऊ नये म्हणून पेला स्वीकारला जातो व गोळी घरीच राहते. हिंदू विवाह कायद्यातील विवाहाला बाध आणणाऱ्या कारणांतून अपस्मार १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला असला, तरी स्थळे पाहताना तो अजून मोजला जातो. मोटार वाहन कायद्याखाली रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असलेला चालक दंडनीय ठरतो, तर परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत अपस्माराची विचारणा असते. अनेक देशांत ठरावीक काळ झटके न आल्यास वाहन चालवण्यास मुभा मिळते. भारतीय नियमांत तशी स्पष्ट मुदत नसल्याने ट्रॅक्टर किंवा मालमोटारीवर पोट असलेला रुग्ण अर्जात ‘नाही’ असे लिहितो आणि मग तपासणाऱ्या डॉक्टरांनाही आपल्या झटक्यांबद्दल व पिण्याबद्दल पूर्ण माहिती देण्याचे टाळतो.