पडद्यावरील चित्र आणि पडद्यामागील नाद

जुबिलीच्या सोहळ्यांत धर्मग्रामाचा पूर्वेतिहास छायाचित्रांच्या मालिकेनें पडद्यावर दाखविण्याची चाल आतां बरीच रूढ झाली आहे. चित्रें जमविण्याच्या कामीं लोक फार कष्ट घेतात. परंतु त्यांसवें जो आवाज ऐकवावयाचा, त्याचा विचार बहुधा शेवटच्या रात्रीं होतो. वस्तुतः चित्रास नादाची जोड देण्याची कला महाराष्ट्रास शंभराहून अधिक वर्षें परिचित आहे, आणि तिच्या इतिहासांत आमच्या पुणें शहराचा वांटा मोठा आहे. तो इतिहास थोडक्यांत सांगावा व त्यापासून घेण्यासारखा बोध वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु होय.

दिव्याच्या प्रकाशानें कांचेवरील चित्र भिंतीवर मोठें करून दाखविण्याची युक्ति सतराव्या शतकांतली. येशूसंघाचे विद्वान फादर अथानासियस किर्खर यांनीं आपल्या प्रकाशविषयक ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तींत या दीपाचें वर्णन केलें, म्हणून शोधाचें श्रेय पुष्कळदां त्यांस देण्यांत येतें. परंतु डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनीं तो १६५९ च्या सुमारासच सिद्ध केला होता. आणि ज्याचें श्रेय त्यास देणें हें इतिहास लिहिणाराचें पहिलें कर्तव्य आहे.

महाराष्ट्रांत या दीपाच्या खेळास ‘शांबरिक खरोलिका’ असें भारदस्त नांव मिळालें. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं त्याचे प्रयोग सुरू केले व पुढें त्यांच्या पुत्रांनीं ते चालविले. पुराणांतील कथा कांचांवर हातानें रंगविलेल्या असत, आणि पात्रांच्या निरनिराळ्या अवस्था एकामागून एक दाखवून हालचालीचा भास निर्माण केला जाई. चित्र मुकें होतें, पण प्रयोग मुका नव्हता. निवेदक कथा सांगे, पात्रांचीं भाषणें म्हणे, आणि गायनवादनाची साथ असे. आपल्याकडील कीर्तन ज्यांनीं ऐकलें आहे, त्यांस या साथीचें मर्म निराळें सांगावयास नको. बुवा निरूपण करूं लागले कीं पेटीवाला हात आवरतो, आणि पद सुरू होतांच तो पुन्हां सरसावतो. तेथें आवाजांचें मिश्रण यंत्र करीत नाहीं. वाजविणाराचा कान करितो.

सन १९१३ मध्यें दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. ख्रिस्तचरित्रावरील एक मूकचित्रपट पाहूनच त्यांस ही स्फूर्ति झाली, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. मूकपटाच्या त्या काळांतही चित्रपटगृहांत पडद्याजवळ वाजविणारे बसत. पुढें आवाज फितीवरच मुद्रित होऊं लागला आणि साथीदार प्रेक्षकांसमोरून उठून गेला. कोल्हापुरास १९२९ सालीं स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्यें पुण्यास आली. तिचे एक संस्थापक विष्णुपंत दामले यांनीं तेथील ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. केशवराव भोळे यांनीं १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटास संगीत दिलें. मात्र आमच्या विषयास सर्वांत बोधप्रद चित्रपट म्हणजे १९३७ सालचा ‘कुंकू’. शांतारामबापूंनीं त्यांत पार्श्वसंगीताचा मोह टाळून प्रसंगांतील स्वाभाविक आवाजांवरच भिस्त ठेविली. उतारवयांत तरुण मुलीशीं लग्न करणाऱ्या काकासाहेबांच्या घरांतील जुनें घड्याळ जें सांगून जातें, तें वाद्यवृंदास सांगतां आलें नसतें. प्रभातच्या त्याच जागेंत १९६० पासून चित्रपट शिक्षणसंस्था असून तेथें आजही ध्वनिमुद्रणाचें शिक्षण दिलें जातें.

यापासून आम्ही काय घ्यावें? पहिली गोष्ट ही कीं, यंत्रास हात आवरण्याची बुद्धि नाहीं. ती आपण पुरविली पाहिजे. निवेदन आधीं स्वतंत्र मुद्रित करावें, आणि त्याच्याखालीं संगीत ठेवावें. एकाच पट्टींतले दोन आवाज एकदम आले म्हणजे मोठा लहानास झांकून टाकतो. म्हणून बोलण्याखालीं शब्द असलेलें गीत लावूं नये, नुसतें वाद्य असावें. वाक्य सुरू होण्यापूर्वीं तें हळूहळू उतरवावें, वाक्य संपल्यावर हळूहळू चढवावें. एकदम तोडूं नये. सभागृहांत आवाज घुमतो, म्हणून घरच्या खोलींत गोड लागलेलें मिश्रण तेथें गढूळ होतें. यास्तव आदल्या दिवशीं शेवटच्या रांगेंत एखाद्या वृद्धास बसवून प्रत्येक शब्द कळतो कीं नाहीं, तें विचारावें.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत जो महापूर आला, त्याचीं छायाचित्रें पुष्कळ घरांत आहेत. तीं दाखवितांना पाण्याचा लोंढा, किंकाळ्या, घंटानाद असे आवाज भरावेत, असा मोह सहज होतो. परंतु ते आवाज त्या दिवसाचे नसतात; दुसरीकडून आणलेले असतात. नाटकांत तें शोभतें. इतिहासाच्या कथनांत मात्र ऐकणारा मुलगा त्यांस खरे मानून घरीं जातो, आणि चाळीस वर्षांनीं तेंच सांगतो. उलटपक्षीं, पूर डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आज ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांचा कांपरा, अडखळणारा आवाज हाच त्या चित्राचा खरा नाद होय. तो भयसूचक वाद्यांखालीं बुडविला, तर पुरांतून वांचलेली साक्ष आम्हीं आमच्याच हातांनीं बुडविली असें होईल.

म्हणून आमच्या तरुण मंडळींस आमची विनंति आहे कीं, संगीत निवडण्यास बसण्यापूर्वीं त्यांनीं ध्वनिमुद्रक घेऊन या वडीलधाऱ्या माणसांच्या घरीं जावें. आमच्या घंटेचा खरा नाद, प्रातःकाळच्या रस्त्याचा खरा गलबला, हेंही मुद्रित करावें, व त्यावर स्थळ आणि तारीख लिहून ठेवावी. पुढील जुबिलीच्या वेळीं चित्रांस आवाज देणारांस तो ठेवा उपयोगी पडेल. संगीत केव्हांही मिळेल. हे आवाज मात्र फार दिवस मिळणार नाहींत.