सारथी मोठा की रथ?

मोटारींच्या शर्यतींचे ज्यांना वेड आहे त्यांच्यात एक वाद गेली पाऊणशे वर्षे अखंड चालू आहे. शर्यत जिंकतो तो चालक की त्याची गाडी? एखादा नामांकित चालक एका कारखान्याचा संघ सोडून दुसऱ्याला जाऊन मिळाला की या वादाला नवी धार चढते. २०२५ साली लुइस हॅमिल्टन मर्सिडीज सोडून फेरारीकडे गेला तेव्हा हेच घडले. पण ज्या माणसाच्या चरित्रामुळे हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला, तो होता अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फान्जिओ. त्याने जगज्जेतेपद पाच वेळा मिळवले आणि ते मिळवताना आल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी व मासेराती अशा चार कारखान्यांच्या गाड्या हाकल्या. त्याच्या पाच विजेतेपदांचा विक्रम २००३ साली शूमाखरने मोडला. चार कारखान्यांचा विक्रम मात्र अद्याप अबाधित आहे. दोहोंपेक्षा अधिक कारखान्यांबरोबर जगज्जेता होणे दुसऱ्या कोणालाही साधलेले नाही.

फान्जिओचा जन्म १९११ साली बाल्कार्से या गावी, इटलीहून आलेल्या एका कष्टाळू कुटुंबात झाला. लहानपणीच तो यंत्रशाळेत काम करू लागला. दक्षिण अमेरिकेतील डोंगरदऱ्यांतून हजारो किलोमीटर धावणाऱ्या शर्यतींत त्याचा हात तयार झाला. तेथे गाडी बिघडली की चालकानेच ती दुरुस्त करावयाची असे. यंत्राच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखण्याची जी विद्या त्याला लाभली ती या रस्त्यांवर. युरोपात त्याने पाय रोवला तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती.

१९५१ साली आल्फा रोमिओच्या गाडीत तो प्रथम जगज्जेता झाला आणि त्याच वर्षाअखेर त्या कारखान्याने शर्यती सोडल्या. पुढल्या वर्षी मोन्झा येथे रात्रभर मोटार हाकून तो ऐन वेळी पोहोचला, विश्रांतीवाचून शर्यतीत उतरला आणि अपघातात मान मोडून घेतली. पुढील काळ होता अल्बेर्तो अस्कारीचा. फेरारीच्या गाडीत त्याने १९५२ व १९५३ अशी दोन्ही वर्षे जिंकली. १९५३ साली फान्जिओ मासेरातीकडून परतला; पण सबंध वर्षात त्याच्या हाती जगज्जेतेपदाच्या मालिकेतील एकच विजय लागला. ज्यांच्या मते गाडी हेच सर्वस्व, त्यांच्या बाजूचा हा भक्कम पुरावा होय.

यानंतर दोघांनीही संघ बदलले आणि येथेच या इतिहासाचे मर्म आहे. अस्कारी फेरारी सोडून लान्चियाकडे गेला. नवी गाडी तयार होईल या आशेवर त्याने १९५४ चे जवळजवळ सारे वर्ष घालवले. ती अखेरच्या शर्यतीत, बार्सेलोना येथे, प्रथम उतरली. त्याने सर्वांत जलद फेरी मारून पहिले स्थान पटकावले, शर्यतीत आघाडीही घेतली आणि मग यंत्राने दगा दिला. फान्जिओची निवडही अशीच अपुऱ्या गाडीची होती, कारण मर्सिडीजचे यंत्रही वेळेवर सिद्ध झाले नव्हते. परंतु तोपर्यंत मासेरातीची गाडी चालवण्याची मुभा त्याने मिळवली होती. तिच्या साहाय्याने त्याने दोन शर्यती जिंकल्या, जुलैमध्ये रॅंस येथे मर्सिडीज अवतरताच तो तीत जाऊन बसला आणि जगज्जेता झाला. याला कोणी दैव म्हणेल. त्यात दैवाचा अंश होता हे खरे. पण वाट पाहण्याच्या काळातही रिकामे न बसण्याची व्यवस्था दैवाने केलेली नव्हती.

१९५५ च्या मे महिन्यात मोनाको येथे अस्कारीची गाडी थेट समुद्रात कोसळली. तो वाचला, पण चारच दिवसांनी मोन्झा येथे सरावाच्या वेळी त्याचा अंत झाला. पैशाच्या ओढाताणीत सापडलेल्या लान्चियाने जुलैमध्ये आपल्या सर्व गाड्या फेरारीच्या स्वाधीन केल्या. त्याच वर्षी ल मां येथे ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि वर्ष संपताच मर्सिडीजनेही अंग काढून घेतले. फान्जिओ फेरारीकडे आला व १९५६ साली चौथ्यांदा जगज्जेता झाला, तो थोडेफार फेरफार केलेल्या त्याच लान्चियाच्या गाडीत. अस्कारीने जिची वाट पाहिली, ती फान्जिओला आयती मिळाली.

मात्र हे विजेतेपद सर्वस्वी त्याचे होते असे म्हणवत नाही. मोन्झा येथील शेवटच्या शर्यतीत त्याची गाडी निकामी झाली. त्या काळी सहकाऱ्याची गाडी मागून घेण्याची नियमात सोय होती. पीटर कॉलिन्स या चोवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाला स्वतः जगज्जेता होण्याची थोडी आशा उरली होती. तरीही तो खाली उतरला आणि आपली गाडी त्याने फान्जिओच्या हवाली केली. अवघ्या तीन गुणांनी स्टर्लिंग मॉस मागे पडला. हा मॉस १९५५ पासून सलग चार वर्षे दुसरा आला आणि जगज्जेता कधीच झाला नाही. ब्रिटिश गाडीतूनच जिंकावे ही त्याची ओढ मोठी, आणि ती त्याला महाग पडली.

फेरारीशी फान्जिओचे सूत जुळले नाही. १९५७ साली तो पुन्हा मासेरातीकडे गेला. ४ ऑगस्टला न्यूरबुर्गरिंग येथे त्याने टाकी अर्धीच भरून सुरुवात केली. मध्येच थांबून इंधन व चाके घेतली. त्या थांब्यात नको तितका वेळ गेला आणि तो फेरारीच्या हॉथॉर्न व कॉलिन्स यांच्या मागे पाऊण मिनिटाहून अधिक पडला. मग फेरीमागून फेरी त्याने विक्रम मोडला. २२.८ किलोमीटरांची एक फेरी त्याने ९ मिनिटे १७.४ सेकंदांत संपवली. सरावातील स्वतःच्याच उच्चांकाहून ती आठ सेकंदांनी जलद होती. शेवटून दुसऱ्या फेरीत दोघेही मागे पडले. त्या वेळी तो ४६ वर्षांचा होता. ज्या फेरारीला त्याने सोडले, तिला त्या वर्षी जगज्जेतेपदाच्या मालिकेतील एकही शर्यत जिंकता आली नाही.

फान्जिओची अखेरची मोठी शर्यत १९५८ च्या जुलैमध्ये रॅंस येथे झाली. गाडी जुनी झाली होती आणि तो बराच मागे होता. अग्रभागी असलेला हॉथॉर्न अखेरच्या फेरीत त्याच्या अगदी पाठीशी आला. त्याला एका फेरीने मागे टाकणे सहज शक्य होते. हॉथॉर्नने वेग कमी केला आणि अंतिम रेषा त्याला आपल्यापुढे ओलांडू दिली.