माल गोदामात, गिऱ्हाईक दारात

आयटीवाल्यांना 'गो-लाइव्ह'ची धास्ती का वाटते हे घरच्यांना समजावायचं असेल, तर हर्शीची गोष्ट सांगा.

हर्शी म्हणजे अमेरिकेतली नावाजलेली चॉकलेट कंपनी. वायटूके तोंडावर आलेलं, जुन्या सिस्टिम्स बदलायच्या होत्या. मग ११ कोटी २० लाख डॉलर्सचा प्रोजेक्ट निघाला. सॅप, मनुजिस्टिक्स आणि सीबेल, तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर्स एकमेकांना जोडायची! ४ वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकायचं ठरलं. तरी तारीख एप्रिलवरून जुलै १९९९ वर गेलीच. म्हणजे नेमकं हॅलोविनच्या ऑर्डर्स सुरू होण्याच्या वेळी. आपल्याकडे मिठाईवाल्याने ऐन दिवाळीत भट्टी बदलावी, तसंच हे.

पुढे काय झालं? गोदामात चॉकलेट होतं, दुकानदार मागत होते, पण ट्रक भरेनात. सुमारे १० कोटी डॉलर्सच्या ऑर्डर्स अडकल्या, त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला.

गंमत म्हणजे (त्यांच्यासाठी कसली गंमत!) सीझनचा जादा माल जिथे जागा मिळेल तिथे ठेवायची कंपनीची जुनी सवय होती. त्या जागा माणसांना तोंडपाठ होत्या, पण सॅपमध्ये कोणी भरल्याच नव्हत्या. जुन्या डेटाबेसचा निम्मा डेटा असा माणसांच्या डोक्यात असतो, आणि तो कुठल्याच मायग्रेशन स्क्रिप्टने येत नाही.

२००२ मध्ये हर्शीने सॅपचीच पुढची आवृत्ती बसवली. या वेळी आधी कसून टेस्टिंग केलं आणि काम सुरळीत झालं.

तेव्हा पुढच्या प्रोजेक्टला आधी गोदामातल्या जुन्या माणसाबरोबर चहा प्या. स्कीमा नंतर बघू.