निजेला धोंडा आणि निजेतला श्वास



भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. भूक खरी असेल तर कोंडाही गोड लागतो आणि श्रम खरे झाले असतील तर धोंड्यावर डोके टेकूनही झोप लागते, असा तिचा अर्थ. म्हण श्रमिकाचे कौतुक करते, हे खरे. पण तिच्या आडून एक गैरसमजही आपल्या घरात शिरला. ज्याला धोंड्यावर झोप लागते त्याला आणखी काय हवे, असे मालकालाही वाटू लागले आणि मजुरालाही. झोप लागली म्हणजे विश्रांती झाली, असे आपण धरून चाललो.

माणूस रात्रभर निजतो, मोठ्याने घोरतो, आणि तरीही त्याला विश्रांती मिळत नाही, असा एक आजार आहे. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. आपण निद्रा-श्वासरोध म्हणू. आज कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर सुट्टीच्या दिवशी सायकलस्वारांच्या रांगा दिसतात आणि नदीकाठी तंबू पडतात. त्या सायकलस्वारांत हा आजार असलेली माणसेही असणार. त्यांनी उघड्यावर रात्र कशी काढावी, हा प्रश्न वरवर शहरी हौशीचा वाटेल. पण झोपेचा आणि विजेचा मिळून जो इतिहास ह्या घाटाच्या पायथ्याशी घडला, त्याच्याशी हा प्रश्न बांधलेला आहे. म्हणून आधी तो इतिहास पाहू.

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी लोककथा आहे. खोपोलीच्या घाटात त्याचे देऊळ आहे आणि आजही वाहने तेथे थांबतात. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि त्याच वर्षी घाटातल्या लोहमार्गाचे काम निघाले. सुमारे सोळा मैलांच्या त्या चढणीत पंचवीस बोगदे खणावे लागले. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक माणसे घाटात राबत होती. ती कोठे निजत होती? गवताच्या झोपड्यांत, दरडीच्या आडोशाला, पुष्कळदा उघड्यावर. पटकीने आणि तापाने किती माणसे गेली त्याची मोजदाद कोणी नीट ठेवली नाही. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला. पुढे त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल यांनी काम हाती घेतले, पण थोड्याच दिवसांत ते मरण पावले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालवला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. निजेला धोंडा ही त्या मजुरांच्या बाबतीत म्हण नव्हती. रोजची वस्तुस्थिती होती.

दुसरे पर्व विजेचे. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी नळांवाटे घाटाखाली सोडून टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र ११ फेब्रुवारी १९१५ रोजी सुरू झाले. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र आले. ही वीज गेली मुंबईच्या गिरण्यांकडे. गिरण्यांत विजेचे दिवे ह्यापूर्वीच, १९०५ च्या सुमारास लागले होते आणि त्यांचा पहिला परिणाम मजुरांच्या अंगावर आला. तोवर कामाचा दिवस सूर्याने ठरवलेला होता. उजाडले की भोंगा, मावळले की सुट्टी. दिवे आले आणि चौदा-पंधरा तासांचा दिवस सुरू झाला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली केलेल्या मागण्यांत सूर्यास्तानंतर काम नको, ही मागणी होती. आठवड्याची सुट्टी १८९० साली मिळाली, पण सूर्यास्ताची ती मागणी दिव्याने निकालात काढली.

पुढचा झगडा तासांचा. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांस बारा तासांची मर्यादा मिळाली, १९२२ साली अकरा तासांची, १९३४ साली दहा तासांची, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची. १९४२ साली भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने ह्याच मुलखात मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देह ठेवला. शेतकऱ्याच्या शेतावरून जाणारी तार किती मोलाची आहे, हे त्या वेळी सरकारला चांगले कळले.

कामगार चळवळीने दिवसाचे तीन भाग केले: आठ तास कामाचे, आठ स्वतःचे, आठ झोपेचे. पहिल्या भागासाठी आम्ही संप केले, दुसऱ्यासाठी वाचनालये आणि आखाडे काढले. तिसऱ्या भागाची आम्ही फक्त लांबी मोजली. त्या आठ तासांत माणसाच्या छातीत काय चालते, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. आमच्या चळवळीला दोष देण्यात अर्थ नाही; डॉक्टरांनाही ते उशिराच सुचले.

त्याची हकीगत मनोरंजक आहे. इंग्रज कादंबरीकार डिकन्स याने १८३६-३७ साली लिहिलेल्या पिकविकच्या कथेत एक लठ्ठ पोरगा आहे; तो दार ठोठावताठोठावता उभ्याउभ्या झोपतो आणि घोरतो. वाचक शंभर वर्षे त्याला हसले. १९५६ साली अमेरिकेत बर्वेल आणि त्यांचे सहकारी यांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. पत्त्यांच्या डावात उत्तम पाने हाती आली असताना त्याला झोप लागली आणि डाव हुकला, तेव्हा कुठे तो इस्पितळात गेला. डॉक्टरांनी रोगाला त्या कादंबरीचेच नाव दिले. पण निजलेल्या माणसाचा श्वास रात्रभर यंत्राने नोंदून पाहिला तो १९६५ साली, फ्रान्समध्ये गास्तो यांनी आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी. तेव्हा कळले की हा माणूस झोपाळू नाही. त्याला झोप मिळतच नाही. १९७६ साली अमेरिकेतील गिलेमिनो यांनी रोगाला आजचे नाव रूढ केले.

रोगाची रीत समजायला सायकलची ट्यूब डोळ्यांसमोर आणा. हवा नसलेली ट्यूब बोटाने दाबली की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि काहींचा घसा असाच मिटतो. छाती ओढ घेते, हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो, तो मोठा सुस्कारा टाकतो, आणि पुन्हा तेच. तासाला तीसहून अधिक वेळा असे होत असेल तर रोग तीव्र समजतात. सकाळी त्याला ह्यातले काही आठवत नाही. डोके जड, तोंड कोरडे, आणि दुपारी बसल्याजागी डुलकी. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. लठ्ठ माणसांत हा रोग जास्त, पण सडपातळ माणसालाही होतो. घशाची आणि जबड्याची ठेवणच कित्येकदा तशी असते. बायको शेजारी जागी असते, म्हणून तिलाच पहिल्यांदा कळते. आपण मात्र घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानून हसून सोडून देतो.

ह्यावर पूर्वी गळ्याला छिद्र पाडणे एवढाच खात्रीचा उपाय होता. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सुलिव्हन यांनी धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर उलटी लावली आणि नाकावरच्या मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब घशात सोडला. ट्यूबमध्ये हवा भरली, भिंती चिकटेनात. पहिल्या पाच रुग्णांची हकीगत त्याच वर्षी लॅन्सेट साप्ताहिकात आली. ह्या यंत्राला सीपॅप म्हणतात. ते रोग मुळापासून काढत नाही. ज्या रात्री लावाल त्या रात्री श्वास चालू ठेवते. न लावाल त्या रात्री जुने दुखणे परत हजर.

आणि येथे इतिहासाचे चाक फिरते. ज्या विजेने गिरणीतल्या माणसाची रात्र खाल्ली, तीच वीज आता ह्या माणसाला त्याची रात्र परत देते. अडचण एवढीच की वीज भिंतीतल्या प्लगला बांधलेली आहे आणि सायकलस्वार मोकळा फिरतो.

सायकल हे मुळात कष्टकऱ्याचे वाहन. दूधवाला, पोस्टमन, पाळीवर जाणारा कामगार, सगळे तिच्यावरच. पण तिने माणसाला जगही दाखवले. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. मुंबई-पुणे शर्यतीत खोपोलीचा चढ सर्वांआधी चढणारा घाटाचा राजा ठरतो, हे आपण सारेच जाणतो. असा नाद लागलेल्या माणसाला, तुला रात्री यंत्र लागते, तेव्हा घरी बस, असे सांगणे म्हणजे आजारावर शिक्षेचे ओझे घालणे होय. घरी बसण्याची गरज नाही. हिशेब मात्र हवा.

हिशेब असा. प्रवासाची लहान यंत्रे तीनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची मिळतात. पाणी तापवून हवा दमट करणारा भाग बंद ठेवला, तर मध्यम दाबाला यंत्र साधारण आठ वॅट खाते असे धरू. आठ तासांचे चौसष्ट वॅट-तास झाले. प्रत्येक यंत्राचा आकडा निराळा, म्हणून निघण्यापूर्वी घरी दोन रात्री बॅटरीवर निजून पाहावे. बॅटरीची वीज यंत्राला सरळ द्यावी. मध्ये इन्व्हर्टर घातला की काही वीज वाया जाते. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी ओली असते की दमट करणाऱ्या भागाची उणीव सहसा भासत नाही. चाकातल्या डायनामोवर भिस्त ठेवू नये. तो सुमारे तीन वॅट देतो. एका रात्रीच्या श्वासासाठी एकवीस तास पायडल मारावे लागेल. घडीचे सौर पत्रे उन्हाळ्यात हात देतात, आषाढात नाही. तेव्हा दुपारी जेवायला थांबाल त्या खानावळीत मालकाला विचारून बॅटरी भरून घ्यावी, हेच शहाणपण.

यंत्र पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावे आणि धक्का कमी बसेल अशा जागी बांधावे. पाण्याची टाकी रिकामी करून मगच निघावे. चैत्र-वैशाखात रस्त्यावरची धूळ भयंकर, तेव्हा हवेची गाळणी रोज पाहावी. नळीत मुंगी शिरली नाही ना, तेही पाहावे. उताणे निजले की घसा लवकर मिटतो, कुशीवर निजावे. सदऱ्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू घालण्याची युक्ती जुनी आहे आणि सौम्य रोगात ती उपयोगी पडते. सौम्य रोगात दंतवैद्याने करून दिलेली, खालचा जबडा पुढे धरणारी पट्टीही काहींना चालते. तिला वीज लागत नाही. तीव्र रोगात मात्र ही यंत्राची जागा घेऊ शकत नाहीत, आणि बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. दारूने आणि झोपेच्या गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो, म्हणून तंबूतल्या मैफलीत ह्या माणसाने पेल्याला हात लावू नये. आणि बॅटरी दगा देऊन रात्र वाईट गेली, तर दुसऱ्या दिवशी घाट उतरू नये. चढताना झोप आली तर सायकल थांबते. उतरताना आली तर थांबत नाही.

जागेचाही विचार हवा. वीजकेंद्रांतून सुटलेले पाणी खोपोलीला पाताळगंगेत आणि भिवपुरीला पेज नदीत येते. पात्राच्या कोरड्या वाळूवर तंबू ठोकू नये. पावसाळ्यात डोंगराच्या पोटाशी निजू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वाडी झोपेत होती. त्या लोकांना निजण्याची जागा निवडायची मुभा नव्हती. हौशी माणसाला ती असते.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि खालापूरवरून रात्रंदिवस मालट्रक धावू लागले. ज्या चालकाला डुलकी लागते त्याला आपण बेफिकीर म्हणतो. गिरणीत मागावर डोळा लागणाऱ्याला आळशी म्हणत. शब्द बदलला, न्याय तोच. त्यांतल्या कित्येकांचा घसा रात्री मिटत असेल. पण तपासणीला गेलो आणि रोग निघाला तर गाडी हातातून जाईल, ह्या भीतीने चालक दवाखान्याची पायरी चढत नाही. वास्तविक उपचार घेणारा चालक हा न घेणाऱ्यापेक्षा रस्त्यावर कितीतरी सुरक्षित. म्हणून मागण्या तीन: रात्रीच्या चालकांची झोपेची तपासणी व्हावी; रोग निघाला म्हणून नोकरी जाऊ नये; आणि जेथे चालक, पाळीचे कामगार किंवा प्रवासी निजतात त्या विश्रांतीच्या खोलीत प्रत्येक खाटेशी एक प्लग असावा.

मागणी मोठी आहे काय? आपल्या वीजबिलावर एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. मघाच्या हिशेबाने एका युनिटात एका माणसाच्या पंधरा रात्री निघतात. खोपोली आणि भिवपुरीने शंभर वर्षे मुंबईला उजेड दिला. त्याच पायथ्याशी दमून निजलेल्या माणसाला, मग तो ट्रकचा चालक असो की सायकलवरचा पाहुणा, पंधरा रात्रींना एक युनिट देणे आपल्याला जड जाऊ नये. ह्या गावांतल्या खानावळवाल्यांनी, धर्मशाळांनी आणि ग्रामपंचायतींनी एवढे मनावर घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.